मुक्या जिवाविरुद्ध खोटी साक्ष

खोट्या साक्षीविषयीची आज्ञा आपल्या मुलांस लहानपणीच पाठ होते, आणि शेजारी म्हणजे कोण ह्याविषयीही आपण पुष्कळ ऐकिले आहे. परंतु ज्यास वाचा नाही, ज्यास चावडीपुढे उभे राहून ‘मी हे केले नाही’ असे म्हणता येत नाही, अशा जिवाविरुद्ध कोणी खोटे बोलला तर तो दोषी होतो की नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मीही विचारिला नव्हता. काही वर्षांपूर्वी माझ्याच परसात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. ती गोष्ट मला भूषणावह नाही. तथापि ती सांगितल्यावाचून पुढील विचार पोकळ होईल, म्हणून प्रथम तीच सांगतो.

आमच्या घराला लागून एका विधवा बाईचे घर आहे. तिची एकच गाय, आणि त्या गाईच्या दुधावर तिचे मीठमिरचीचे चालते. त्या उन्हाळ्यात गाय अकस्मात आटू लागली. कास सुजली, एका सडातून दुधाबरोबर रक्त येऊ लागले. दोन दिवसांनी संध्याकाळी माझ्या परसातील कडब्याच्या गंजीखालून सहा-सात फूट लांबीची एक धामण निघाली. आरडाओरड झाली, माणसे काठ्या घेऊन धावली. ती बाई माझ्यापुढे येऊन म्हणाली, “पाळकसाहेब, हिनंच माझ्या गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिलंय. म्हणून कास सुजली. आता तुम्हीच सांगा, मारायची का सोडायची?”

वाचकहो, मला ठाऊक होते. धामण बिनविषारी असते, ती उंदीर, घुशी व बेडूक खाते, आणि सापास ओठ नसल्यामुळे त्यास दूध चोखता येत नाही, हे मी शाळेतच शिकलो होतो. सापाचे दात सुईसारखे अणकुचीदार असून आतल्या बाजूस वळलेले असतात. त्या दातांत सड धरला असता कोणतीही गाय क्षणभर उभी राहावयाची नाही, हेही मी जाणत होतो. परंतु पंधरावीस माणसे भोवती होती, बाई रडत होती, आणि त्या वेळी पुस्तकातील गोष्ट बोलणे मला जड वाटले. मी म्हणालो, “तुम्हा सर्वांना वाटेल तसे करा.” त्यांनी तसे केले. काठीही माझ्याच दारातली होती.

आता ह्या प्रकारात खोटी साक्ष कोणी दिली? बाईने जे सांगितले ते तिने आपल्या आईकडून ऐकिले होते व ते खरे आहे असेच तिला वाटत होते. मी तर काही बोललोच नाही. ह्यामुळे मी पुष्कळ दिवस स्वतःस निर्दोष समजत होतो. पुढे दूरच्या एका देशातील एका लहानशा प्राण्याचा वृत्तांत माझ्या वाचनात आला, आणि त्या प्राण्यावरही अगदी हाच आरोप होता हे पाहून मी चकित झालो. तो वृत्तांत आता सांगतो.

इंग्लंडात घरामागच्या बागेत एक काटेरी प्राणी रात्री हिंडतो. संस्कृतात ह्यास जाहक असे नाव आहे व आपल्या मराठी ग्रंथांतही तेच घेतले आहे. इंग्रज लोक त्यास हेजहॉग म्हणजे कुंपणातला डुक्कर म्हणतात, कारण तो कुंपणाच्या झुडपांत राहतो आणि डुकरासारखे नाक जमिनीला लावून फुसफुसत चालतो. आपल्या डोंगरातील सायाळ ती ही नव्हे. सायाळ मोठी, तिचे काटे वीतभर लांब, आणि ती कंदमुळे कुरतडणारी. हा मात्र वीतभर लांबीचा, एक शेर-सव्वाशेर वजनाचा, आणि किडे, अळ्या, गांडुळे व गोगलगायी खाणारा आहे. त्याचे भाऊबंद आपल्या देशातही आहेत: राजस्थान, कच्छ व गुजराथ येथील कोरड्या मुलखात एक जात आढळते, आणि दक्षिणेस तमिळ मुलखात दुसरी. तमिळ मुलखात त्याच्या काट्यांची राख डांग्या खोकल्यावर औषध म्हणून देत, आणि त्या समजुतीपायी तेथे तो पुष्कळ मारला गेला आहे.

त्याच्या अंगावर सुमारे पाच हजार काटे असतात. हे काटे म्हणजे कठीण झालेले केसच होत. भय वाटले म्हणजे तो आपले डोके व पाय पोटाशी घेतो, आणि बटव्याची नाडी ओढावी त्याप्रमाणे कातडीखालचा एक गोल स्नायू आवळून चेंडू होऊन बसतो. तो कोणाच्या अंगावर धावून जात नाही, पळूनही फार लांब जात नाही. पिल्ले जन्मतात तेव्हा आंधळी असतात, आणि आईस इजा होऊ नये म्हणून त्यांचे काटे फुगलेल्या कातडीखाली झाकलेले असतात. जन्मल्यावर काही तासांत ते वर येतात. हिवाळ्यात किडे मिळेनासे झाले म्हणजे तो सुक्या पानांच्या ढिगात शिरतो व महिनेच्या महिने निजतो. जागेपणी ज्याचे काळीज एका मिनिटात दीडशेहून अधिक ठोके देते, त्याचेच काळीज त्या निद्रेत वीसाच्या आसपास ठोके देते. असा हा निरुपद्रवी जीव आहे.

ह्या जिवावर इंग्लंडातील शेतकऱ्यांनी आरोप ठेविला होता की, हा रात्री गोठणावर येऊन निजलेल्या गाईचे दूध पितो. आरोप कसा उत्पन्न झाला असावा हे समजण्यास कठीण नाही. गाई रात्री कुरणात बसतात. त्यांच्या उबेने व शेणाने तेथे किडे जमतात. किड्यांमागे हा येतो. पहाटे धारेला आलेला गडी कासेजवळ ह्यास पाहतो, आणि त्या दिवशी गाईने दूध कमी दिलेले असते. पाहिले इतकेच की, प्राणी गाईजवळ होता. सांगितले मात्र हे की, प्राण्याने दूध पिले. ह्या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते कोणी मोजले नाही. एकाने दुसऱ्यास सांगितले, बापाने मुलास सांगितले, आणि पुष्कळांनी पुष्कळदा सांगितले म्हणून ते खरे ठरले.

गोष्ट बोलण्यावर राहिली नाही. १५६६ साली, एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, धान्याच्या रक्षणार्थ म्हणून एक कायदा झाला. पिकाचा व माणसाचा शत्रू म्हणून ज्या पशुपक्ष्यांची यादी त्यात होती, तिच्यात हा प्राणीही होता. त्याचे डोके आणून देणाऱ्यास दोन पेनी बक्षीस मिळे. हे पैसे कोण देत असे? प्रत्येक गावच्या देवळाचे पंच देत असत. मागाहूनच्या शेकडो वर्षांच्या त्यांच्या हिशेबवह्या आजही जपून ठेविलेल्या आहेत, आणि त्यांत मेणबत्त्या, घंटेचा दोर व छपराची दुरुस्ती ह्यांच्या खर्चाबरोबरच ह्या जिवांच्या डोक्यांबद्दल दिलेले पैसेही मांडलेले आढळतात. ज्यांनी हे पैसे मोजून दिले ते दुष्ट लोक नव्हते. ते आपल्यासारखेच दर रविवारी उपासनेस बसणारे, मुलांस आज्ञा पाठ करविणारे लोक होते. त्यांच्या मनात एकदाही आले नसेल की, आपण खोट्या साक्षीवरून शिक्षा देत आहो.

ह्यावरून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. धामणीविषयीची समजूत ऐकून आपण कोणाही अडाणी मनुष्यास हसू नये. जे राष्ट्र विद्येत पुढे गेलेले म्हणून गणले गेले त्यानेही तीच चूक केली, आणि ती देवळाच्या पेटीतून पैसे देऊन केली. चूक एका जातीची, एका देशाची अथवा एका धर्माची नाही. ती मनुष्याच्या मनाची आहे. नुकसान झाले म्हणजे मनास कोणीतरी अपराधी पाहिजे असतो. आणि जो उत्तर देऊ शकत नाही तो अपराधी म्हणून सर्वांत सोयीचा पडतो.

परंतु त्याच देशात दुसऱ्या प्रकारचा साक्षीदारही निपजला. हँपशर परगण्यातील सेल्बर्न नावाच्या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचा एक उपाध्याय होता. तो १७२० साली जन्मला व १७९३ साली मरण पावला. त्याने मोठे देशाटन केले नाही. आपल्या बागेत, कुरणात व भोवतालच्या झाडीत काय दिसते ते तो वर्षानुवर्षे पाहत गेला, लिहून ठेवीत गेला, आणि मित्रांस पत्रांनी कळवीत गेला. त्या पत्रांचे पुस्तक १७८९ साली निघाले. ते आजही लोक वाचतात. त्याच्या बागेत हे काटेरी प्राणी पुष्कळ होते. त्याने पाहिले की, बागेच्या गवताळ वाटांतील एका उपद्रवी तणाचे मूळ ते खालून उकरून खातात व पाने तशीच टाकून देतात. हे लिहिताना त्याने दोन्ही बाजू नमूद केल्या: तण नाहीसे होते हा उपयोग, आणि वाटेत लहान लहान खड्डे पडून ती विद्रूप होते हा तोटा. त्याने त्या जिवास देवदूत केले नाही, चोरही केले नाही. ज्या गांडुळास आपण तुच्छ मानितो, त्याच्यावाचून जमीन घट्ट व नापीक होईल असेही त्यानेच लिहिले. आणि १८८१ साली चार्ल्स डार्विनने गांडुळांवर एक सबंध पुस्तक लिहून तीच गोष्ट पुष्कळ प्रमाणांनी दाखवून दिली.

व्हाइटसारखे पाहणे हे मोठ्या विद्वानाचेच काम आहे असे कोणी म्हणू नये. लेस्टर शहरातील जेनिफर ओवेन नावाच्या बाईंनी आपल्या घरच्या बागेत १९७२ पासून २००१ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, जे जे जीव व झाडे आढळली त्यांची मोजदाद ठेविली. त्या प्राणिशास्त्र जाणणाऱ्या होत्या हे खरे. पण बाग साधीच, शहरातल्या रस्त्यालगतची, आपल्या मापाने सव्वासात गुंठ्यांची. तीत फुले होती, भाजीपाला होता. तेवढ्या जागेत त्यांस २,६७३ जाती सापडल्या. त्यांपैकी १,९९७ नुसत्या कीटकांच्या होत्या. आपण ज्यास आपले परस म्हणतो ते वस्तुतः किती जणांचे घर आहे, ह्याचा विचार ह्या आकड्यावरून करावा. सातबाऱ्यावर आपले नाव असते, पण त्या जागेत जन्मून, खाऊन, पिल्ले वाढवून मरणाऱ्यांत आपण थोडे आहो.

अज्ञानाने द्वेष होतो तसा अज्ञानाने लोभही होतो, आणि त्याचे फळ कधीकधी तेच येते. पुढे इंग्लंडातील लोकांस ह्या काटेरी पाहुण्याची माया वाटू लागली. तो सायंकाळी बागेत आला म्हणजे मुले हर्षाने त्याच्यापुढे बशीत दूध आणि पाव ठेवीत. आजोबांनी ठेविले, बापाने ठेविले, मुलांनी ठेविले. आता प्राण्यांचे वैद्य सांगतात की, ह्या जिवास दूध पचत नाही. त्याने त्यास हगवण लागते, आणि अशक्त जीव त्याने मरूही शकतो. पाहा, ज्यास पूर्वी दूध चोरतो म्हणून मारिले, त्यासच पुढे दूध पाजून आजारी केले! दोन्ही वेळा कोणी त्याच्याकडे नीट पाहिले नव्हते. आपल्याकडे सापापुढे दुधाची वाटी ठेवणाऱ्याच्या मनातही वैर नसते. तरी दूध हे सापाचे अन्न नव्हे. प्रीती करावयाची असेल तर ज्यावर ती करावयाची त्याची गरज काय आहे हे आधी जाणून घेतले पाहिजे. असे जाणून घेण्याचा श्रम जी प्रीती करीत नाही ती बहुधा आपल्याच समाधानासाठी असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणी म्हणेल, खोट्या साक्षीची आज्ञा मनुष्यांविषयी आहे. प्राण्यास अब्रू नाही. तेव्हा त्याची अब्रू घेतली असे म्हणता येत नाही. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. धामणीस लोक चोर म्हणतात ह्याचे तिला दुःख नाही. परंतु अब्रू नसली तरी जीव आहे, आणि खोट्या शब्दाने तो जातो. मनुष्याविरुद्ध खोटे बोलले तर तो वकील देईल, साक्षीदार आणील, निदान ओरडेल तरी. मुक्या जिवाविरुद्ध जे बोलले जाईल तेच शेवटचे. म्हणून जेथे उलटतपासणी होणार नाही तेथे साक्ष देणाऱ्याने अधिक जपले पाहिजे, कमी नव्हे.

दुसरे असे की, अशी साक्ष केवळ त्या जिवाचेच वाईट करीत नाही. माझ्या शेजारणीच्या गाईकडे पाहा. धामण मेली, सर्वांस वाटले, अपराधी सापडला, काम झाले. पण गाईस झाला होता कासेचा आजार, आणि तो वाढत गेला. चौथ्या दिवशी मी तालुक्याहून गुरांचा डॉक्टर आणविला. औषधाने गाय वाचली, पण एक सड कायमचा गेला. डॉक्टर म्हणाला, “दोनतीन दिवस आधी बोलावले असते तर सड राहिला असता.” ते दिवस कोणी घालविले? धामणीने नव्हे. आम्ही खोट्या उत्तरावर संतुष्ट झालो म्हणून खरे उत्तर शोधावयास उशीर झाला. मी त्या संध्याकाळी चार शब्द बोललो असतो, तर धामण वाचली असती हे जाऊ द्या, त्या गरीब बाईच्या गाईचा सड वाचला असता. ज्यांचे म्हणणे असे की, माणसे उपाशी असता साप-बेडकांची चिंता कशाला, त्यांस माझे एवढेच उत्तर आहे. सत्याचे दोन गाडगे नसतात, एक माणसांसाठी व एक जनावरांसाठी. ज्या ठिकाणी आपण जनावराविषयी न पाहिलेले खरे मानू लागतो, त्याच ठिकाणी पुढे एखाद्या म्हाताऱ्या, निराधार बाईविषयीही न पाहिलेले खरे मानू लागतो. चेटकीण म्हणून किती स्त्रियांस ह्याच रीतीने छळले गेले, हे आपणांस ठाऊक आहे.

परंतु खरी साक्ष दिली म्हणजे प्राणी नेहमी निर्दोष सुटेल, असेही समजू नये. ह्याचे उदाहरण त्याच काटेरी प्राण्याच्या वृत्तांतात आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेस समुद्रात यूइस्ट नावाची बेटे आहेत. तेथे हा प्राणी मुळीच नव्हता. १९७४ साली बागेतल्या गोगलगायींचा बंदोबस्त व्हावा म्हणून काही थोडे प्राणी दक्षिण यूइस्टमध्ये नेऊन सोडण्यात आले. ते वाढले, पसरले. त्या बेटांवर टिटवीच्या कुळातील पुष्कळ पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. त्या अंड्यांस असा शत्रू कधी माहीत नव्हता. हा ती खाऊ लागला व काही जातींचे पक्षी फार कमी झाले. ही गोष्ट ऐकीव नव्हती. लोकांनी वर्षानुवर्षे घरटी पाहून ती ताडली होती. तेव्हा २००३ साली सरकारी खात्याने हे प्राणी धरून मारण्यास आरंभ केला. दुसऱ्या लोकांस हे सहन झाले नाही. ते प्राणी जिवंत धरून मुख्य भूमीवर नेऊ लागले. मोठा वाद झाला. नेलेले प्राणी तेथे जगू शकतात असे पाहणीने दिसून आल्यावर २००७ साली मारणे थांबविण्यात आले व स्थलांतराचा मार्ग पत्करण्यात आला.

ह्या प्रकरणाचा मी पुष्कळ विचार केला. येथे प्राण्याविरुद्धची साक्ष खरी होती, तरी अपराध त्याचा नव्हता. तो आपल्या स्वभावाप्रमाणे खात होता. पक्षी आपल्या स्वभावाप्रमाणे अंडी घालीत होते. अपराध होता तो मनुष्याचा, ज्याने आपल्या बागेतील गोगलगायींपुरते पाहिले आणि बेटाचा विचार केला नाही. म्हणून ज्यांनी प्राणी मारण्याचा खर्च न करता ते उचलून नेण्याचा श्रम पत्करिला, त्यांनी अधिक न्याय केला असे मला वाटते. कारण चूक ज्याची, श्रम त्याने करावा. तरी जे मारू पाहत होते तेही निर्दय नव्हते; त्यांच्या डोळ्यांपुढे पक्ष्यांची फुटलेली अंडी होती. कधीकधी दया दोन ठिकाणी एकदम मागितली जाते आणि दोन्ही ठिकाणी पुरत नाही. अशा वेळी निदान एवढे तरी आपल्या हाती राहते की, जे करावयाचे ते नीट पाहून करावे, आणि ‘हा प्राणी दुष्ट आहे’ असे खोटे बोलून आपले मन हलके करू नये.

ह्याच न्यायाने मी हेही स्पष्ट सांगतो की, घरात निजलेल्या मुलाजवळ नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे दिसले तर आईने तेथे निबंध आठवीत बसावे असे माझे म्हणणे नाही. मुलास आधी दूर करावे. आणि साप धरण्यात निष्णात मनुष्य जवळ असेल तर त्यास बोलवावे. विषारी सापास विषारी म्हणणे ही खरी साक्ष आहे. परंतु त्या चारांचे पाप धामणीच्या माथी मारणे, घुबड घरावर बसले म्हणून मरण येते असे म्हणून त्यास दगड मारणे, वटवाघूळ रक्त पिते असे सांगून मुलांस भिवविणे, ह्या खोट्या साक्षी आहेत. गव्हाणी घुबड एका रात्रीत किती उंदीर टिपते हे ज्याच्या खळ्यावर ते बसते त्याने एकदा जागून पाहावे. धामणीविषयी तर देशाच्या १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण दिले आहे. पण कायद्याच्या भीतीपेक्षा सत्याची चाड ही बरी.

आता मी माझ्या परसात काय करितो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे हा उपदेश दुसऱ्यासच आहे असे होणार नाही. कुंपणाच्या एका कोपऱ्यात दगडांचा व काटक्यांचा ढीग मी हालवीत नाही. पालापाचोळा जाळण्याचा प्रसंग आला तर आधी काठीने ढीग उकलून पाहतो. इंग्लंडात ५ नोव्हेंबरास होळ्या पेटवितात, तेव्हा लाकडांत निजलेले काटेरी प्राणी जळून मरू नयेत म्हणून तेथील लोकांस असेच करावयास सांगतात. रात्री जेवणानंतर कंदील दूर ठेवून घटकाभर ओट्यावर बसतो. माठाखाली राहणारा भेक निघतो आणि दिव्याखाली पडलेले किडे एकामागून एक गिळतो. भिंतीवर पाल आपले काम करिते. पहाटे मुंगुसाची जोडी कुंपणातून डोकावते. तिने एकदा शेजाऱ्याचे कोंबडीचे पिल्लू नेले, तेही मी वहीत लिहिले आहे. जे दिसते ते लिहितो, जे दिसत नाही ते लिहीत नाही. धामण मारल्यानंतरच्या पावसाळ्यात माझ्या कणगीत उंदरांनी पुष्कळ नासधूस केली. तिला मारिले म्हणून उंदीर वाढले असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण मी तसे पाहिले नाही. एका धामणीने किती उंदीर आवरले असते हे मी मोजले नाही. म्हणून तसे म्हणणार नाही, नाहीतर मीही त्या बाईच्याच पंक्तीस बसेन.

आणि आता त्या बाईविषयी. गाय सुधारली ती डॉक्टरच्या औषधाने; पण धामण मेली त्यानंतर ती सुधारली हेही खरे. म्हणून बाई आजही लोकांस सांगते की, धामण मारिली तेव्हा कुठे गाय वाचली, आणि पाळकसाहेबांच्या देखत मारिली. माझे नाव त्या साक्षीस जोडले गेले आहे. मी त्या दिवशी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा अर्थ लोकांनी होय असा घेतला, आणि तो घेण्याचा त्यांस अधिकार होता. ज्यास ठाऊक आहे त्याचे मौन हीही साक्षच आहे. मागच्या महिन्यात मी तिच्या ओट्यावर जाऊन सर्व उघड सांगितले. म्हणालो, “बाई, मला तेव्हाच ठाऊक होते की साप दूध पीत नाही. मी बोललो नाही. तुमच्या गाईचा सड गेला त्यात माझाही दोष आहे.” ती बराच वेळ गाईकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मग तवाच का नाही बोललात, पाळकसाहेब?” ह्या प्रश्नास मजपाशी उत्तर नव्हते.

वाचकहो, पश्चात्तापास वाव आहे, हेही त्याच काटेरी प्राण्याच्या वृत्तांतावरून दिसते. ज्या देशात एकेकाळी गावोगाव त्याच्या डोक्यास दोन पेनी मिळत, त्याच देशात १९८२ साली त्याच्या रक्षणार्थ एक मंडळ स्थापन झाले. बागांच्या भिंती व कुंपणे अखंड झाल्यामुळे, वाहनांमुळे व शेतातील विषांमुळे तो आता फार कमी झाला आहे. २०२० साली ब्रिटनातील धोक्यात आलेल्या सस्तन प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव आले. तो एका रात्रीत मैलभर हिंडतो. एक बाग त्यास पुरत नाही. म्हणून २०११ पासून लोकांस असे सांगण्यात येऊ लागले की, आपल्या कुंपणाच्या तळाशी पाच बोटांच्या पंजाहून थोडे मोठे, तेरा सेंटिमीटर लांबीरुंदीचे, एक भोक ठेवावे. काम लहान, पण ते एकट्याने होत नाही. भोक ठेवावयाचे तर कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याकडे जाऊन बोलावे लागते. कित्येक गल्ल्यांत ह्या निमित्ताने शेजारी शेजाऱ्यास भेटला.

आपल्यासही ह्याहून मोठे काही करावयाचे नाही. पुढच्या वेळी गावात कोणी येऊन म्हणेल, ‘अमक्या जनावराने असे केले,’ तेव्हा काठी उचलण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: ‘तू हे आपल्या डोळ्यांनी पाहिलेस काय?’ आणि ज्यास ठाऊक आहे त्याने त्याच वेळी बोलावे. चार दिवसांनी नव्हे.